नवा पंप, तरी गाडी गप्प

शंका : माझी पेट्रोल गाडी बारा वर्षांची आहे. चालता चालता बंद पडली, म्हणून गॅरेजमध्ये टाकीतला फ्युएल पंप बदलून घेतला. आता सेल्फ जोरात मारतो, पण गाडी काही सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, नवा पंपच खराब निघाला, दुसरा मागवू. मागवू द्यावा का? (सातारा)

समाधान : इतक्यात नको. नवा पंप खराब निघू शकतो, नाही असं नाही. पण त्याच्यापर्यंत वीज पोचते का, हे तुमच्या गाडीत अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. कदाचित जुना पंपही चांगलाच असेल. तो टाकून दिला नसेल तर मागून घ्या.

आधी कान द्या. एकाने मागच्या सीटवर बसावं, दुसऱ्याने सेल्फ न मारता किल्ली नुसती ‘ऑन’ करावी. बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद बारीक गुंजारव ऐकू येतो आणि थांबतो. सगळं पुढचं निदान या आवाजावर अवलंबून आहे.

आवाजच नसेल तर फ्यूज पाहा, मग रिले. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबराचा असतो. नंबर जुळला तर अदलाबदल करून पाहता येते. रिले ‘टक्’ करतो म्हणून तो ठीक, असं मात्र धरू नका. आतले पॉइंट जळलेले असले तरी तो टक् करतोच.

इथवर सगळं ठीक असेल तर मला दाट संशय पंपाच्या कपलरचा. पंप म्हातारा होत जातो तसा बऱ्याचदा जास्त करंट ओढतो, पिना तापतात, प्लास्टिक तपकिरी पडतं. नवा पंप त्याच जळक्या पिनांवर बसवला की तोही गप्प! मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्ट दाखवतो आणि मेकॅनिक बिचारा फसतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. त्यासाठी भार हवा. हेडलाईटचा जुना 55 वॉटचा बल्ब घ्या. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, पंपही साधारण तेवढंच. लांब वायर लावून बल्ब गाडीबाहेर ठेवा, वायरी कपलरच्या गाडीकडच्या तोंडात, पंपाच्या दोन पिनांत पक्क्या बसवा आणि मगच किल्ली फिरवा. लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. मिणमिणला तर पिना, रिले किंवा अर्थ, यांपैकी काहीतरी कमजोर आहे. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथला गंज घासून काढल्यावर गाडी सुरू झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

हे सगळं टाकीचं झाकण घट्ट बसलेलं, दारं उघडी आणि पेट्रोलचा वास पूर्ण गेलेला असतानाच करायचं. वास येत असेल तर किल्लीला हातही लावू नका. पंपाला थेट बॅटरीची वायर टेकवून ठिणगी पाडत बघणारे लोक मी पाहतो, तेव्हा जीव घाबरा होतो. टाकीतलं पेट्रोल जळायला वेळ लागेल एकवेळ. वरची वाफ क्षणात पेटते.

आता दुसरी शक्यता : आवाज येतो, गाडी उठत नाही. अशा वेळी रेलवर प्रेशर गेज लावायला सांगा. अनेक एमपीएफआय गाड्यांत 3 बारच्या आसपास दाब हवा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. दाब नसेल तर पंप पुन्हा वर काढून आतली नळी पाहा. क्लिप सैल राहिली की पंप फिरतो, पण पेट्रोल टाकीतच परत पडतं. पंपासोबत पेट्रोल गेजचा तरंगता दांडाही हलवला गेला असेल, तर काटा खोटं दाखवतो आणि टाकी रिकामीच असते. म्हणून आधी पाच लिटर पेट्रोल टाकून बघा. दाब बरोबर असूनही गाडी उठत नसेल तर पंपाचा विषय संपला. स्पार्क, क्रँक सेन्सर आणि डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, तिकडे वळा.

शंका : पंप बदलल्यापासून सकाळी किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ केली तरच गाडी उठते. दिवसभर मग त्रास नाही. (नाशिक)

समाधान : रात्रीत दाब उतरतोय. पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह, आतली नळी नाहीतर गळका इंजेक्टर. गाडी बंद केल्यावर गेज अर्धा तास तसाच लावून ठेवला तर काटा उतरताना दिसेल. पंप वॉरंटीत असेल तर तो पुरावा दुकानदाराला दाखवायला फोटो काढून ठेवा.

शंका : डिझेल गाडीचा फिल्टर बदलला, तेव्हापासून बंद आहे. (पणजी)

समाधान : लाईनमध्ये हवा शिरली आहे. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातील. हातपंप कडकच होत नसेल तर फिल्टरचं सील तिरकं बसलंय. उघडून नीट बसवा.