सुकाळातील पाचवा हिस्सा

शास्त्रभाग: उत्पत्ती ४१:३३-३६, नीतिसूत्रे २२:३

संकटकाळासाठी घरात तरतूद करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे काय, असे अनेक विश्वासी विचारतात. प्रभूने उद्याची चिंता करू नये असे शिकवले, हे खरे. परंतु चिंता आणि तजवीज या भिन्न गोष्टी आहेत.

अरिष्ट ओळखून आश्रय घेणाऱ्या मनुष्यासाठी नीतिसूत्रांत 'आरूम' हा इब्री शब्द आला आहे. उत्पत्ती ३:१ मध्ये सर्पालाही हेच विशेषण लावले आहे! भाषांतरात एकाला 'चतुर' व दुसऱ्याला 'धूर्त' म्हणावे लागते. बुद्धी एकच, ती कोणासाठी वापरली, यावर तिचे मोल ठरते. योसेफाने ती इतरांच्या प्राणरक्षणासाठी वापरली. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखावा, असे त्याने फारोला सुचवले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा गावे निद्रिस्त होती. दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे दगावली. म्हणून तयारीचा आरंभ घर न्याहाळण्यापासून करावा. तडे गेलेली भिंत दुरुस्त करावी. बिछान्यावर जड वस्तू टांगू नये. उंच कपाट भिंतीला पक्के बसवावे.

नंतर प्रत्येक आठवड्यास एकेक काम हाती घ्यावे:

१. माणशी दररोज सुमारे चार लिटर, याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी झाकून ठेवावे व वेळोवेळी बदलावे.
२. न शिजवता खाता येईल असे अन्न, नेहमीची औषधे, बॅटरी व लहान रेडिओ एका पिशवीत ठेवावे.
३. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्या. नातलगांचे दूरध्वनी क्रमांक व आपत्कालीन क्रमांक ११२ कागदावर लिहावे.
४. विजेचा मुख्य खटका व गॅसचा रेग्युलेटर बंद करण्यास घरातील प्रत्येक मोठ्या माणसास शिकवावे.
५. ताटातूट झाल्यास कोठे भेटावे, ते ठरवावे.

आपण किनाऱ्यावर राहत असाल तर वादळाचा, नदीकाठी राहत असाल तर पुराचा विचार प्रथम करावा. शेजारच्या एकट्या वृद्धास मात्र विसरू नये. योसेफाची कोठारे केवळ त्याच्या घराण्यासाठी नव्हती.

विचारासाठी प्रश्न

१. आज रात्री घर सोडावे लागले, तर आपल्या कुटुंबातील कोणाला प्रथम हात द्यावा लागेल? तो कोण देईल?
२. या आठवड्यात आपण कोणते एक काम पूर्ण कराल?