रोमन सैनिकाचे पितळ आणि त्याच्या प्रतिकृती

रोमन सैनिक निःशस्त्र असला तरी त्याची ओळख पटत असे ती त्याच्या कमरपट्ट्यावरून. चामड्याचा पट्टा, त्यावर ओळीने जडविलेली पितळी पाने, पुढे बकल आणि पोटाखाली लोंबणारी, चकत्या ठोकलेल्या चामडी फितींची झालर, असे त्याचे पहिल्या शतकातील रूप होते. सुएटोनियस या चरित्रकाराने नोंदविले आहे की, ऑगस्टस सम्राट काही अपराधांबद्दल सैनिकांना पट्ट्याविना, नुसत्या अंगरख्यावर, सेनापतीच्या तंबूपुढे दिवसभर उभे राहण्याची शिक्षा देत असे. पट्टा काढून घेणे म्हणजे सैनिकपण काढून घेणे होते. इतिहासातील प्रसंग पुन्हा साकार करणारी हौशी मंडळे आज रोमन सैनिक उभा करू पाहतात, तेव्हा त्यांना या पितळी साजाचा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो, तो यामुळेच.

हा साज कसा होता हे दगडावरून पुरते कळत नाही. इ. स. ११३ मध्ये रोम येथे उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावर लोखंडी पट्ट्यांचे चिलखत घातलेले सैनिक ठिकठिकाणी कोरलेले आहेत. परंतु शिल्पकाराला चित्र हवे होते, बिजागरी कशी फिरते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्या पट्ट्या एकमेकींना कशा जोडल्या होत्या, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. १९६४ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेस, हेड्रियनच्या भिंतीजवळील कॉर्ब्रिज येथे एक पुरलेली लाकडी पेटी सापडली. तीत चिलखतांचे भाग होते, आणि लोखंडाच्या गंजात चामड्याच्या खुणा टिकून राहिल्या होत्या. चार्ल्स डॅनियल्स आणि लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्यांवरून चिलखताची जुळणी केली. पट्ट्या आतील बाजूने चामडी फितींवर रिव्हेटांनी ठोकलेल्या होत्या. खांद्यावर पितळी बिजागऱ्या आणि पुढे लहान पितळी बकले होती. रॉबिन्सन यांचा रोमन चिलखतांवरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लॉस्टरशर परगण्यात १९७२ मध्ये एका ग्रामसमारंभाच्या निमित्ताने स्थापन झालेल्या ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ या मंडळालाही त्यांचे मार्गदर्शन लाभले होते.

मंडळांनी चिलखते केवळ मांडून ठेवली नाहीत, ती अंगावर घातली, हे महत्त्वाचे. चालताना, वाकताना, ढाल उचलताना पातळ पितळी बिजागऱ्या वाकू लागल्या, बकलांचे सांधे तुटू लागले. यात कारागिराचा दोष असेल असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु रोमन छावण्यांच्या उत्खननांत नेमके हेच तुकडे वारंवार सापडतात, आणि कॉर्ब्रिजच्या चिलखतांवरही तुटलेल्या जोडणीच्या जागी केलेली डागडुजी स्पष्ट दिसते. पुढे स्कॉटलंडमधील न्यूस्टेड येथील चिलखतात नाजूक बिजागऱ्यांची जागा साध्या रिव्हेटांनी घेतलेली आढळते. रोमन शस्त्रकारांनाही हा दोष जाचत असावा. जी प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा मजबूत केली जाते, ती वापरणाऱ्याची सोय पाहते खरी. पण ही गोष्ट ती कधीच सांगू शकत नाही.

आता धातूकडे वळू. रोमन लोकांना जस्त हा सुटा धातू म्हणून उपलब्ध नव्हता. जस्ताची वाफ ९०७ अंश सेल्सिअसला होते, तर तांबे १०८५ अंशांना वितळते. खनिज भट्टीत घातले की जस्त धुरावाटे निघून जाई. म्हणून तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालून, तांबे वितळणार नाही इतपत तापवीत. सुटणारी वाफ तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई. या रीतीने पितळात साधारणपणे २८ टक्क्यांपर्यंतच जस्त उतरते. रोमन लष्करी साजाच्या चांगल्या पितळात ते २० टक्क्यांच्या आसपास असते. जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर झाले ते राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे, सुमारे बाराव्या शतकापासून. युरोपात विल्यम चॅम्पियन याने या कृतीचे एकस्व १७३८ मध्ये मिळविले. आजच्या बाजारातील पितळी पत्र्यात जस्त बहुधा ३० ते ३७ टक्के असते. परिणामी त्याचा रंग पिवळा, काहीसा फिका दिसतो. रोमन पितळाची सोनेरी झाक त्याला येत नाही.

याहून मोठी चूक घडणीत होते. रोमन पट्ट्यावरील पुष्कळशी पाने पातळ पत्र्याची आहेत. लांडगीचे दूध पिणारी जुळी बालके, शिकारीचे देखावे अशी चित्रे त्यांवर ठशाने उठविलेली असतात. स्वस्त प्रतिकृती मात्र ओतीव असतात. साच्यातून काढलेले जाड पान जड होते, त्याच्या कडा बोथट दिसतात आणि चामडे ओढले जाऊन पट्टा पुढे झुकतो. ओतकामासाठी मिश्रणात शिसे घालणे सोयीचे असते. परंतु शिसे पितळात विरघळत नाही, कणांच्या रूपाने वेगळे राहते, आणि असे पितळ ठोकू लागले की तडकते. ठोकताना पत्रा कडक होतो, तो पुन्हा तापवून मऊ करावा लागतो, हे पुण्याच्या तांबट आळीतल्या कोणाही कारागिराला सांगावे लागणार नाही. आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे: यांतील कित्येक वस्तूंवर कथलाची कल्हई केलेली असे. रोमन पट्टा सर्वस्वी सोनेरीच असला पाहिजे, ही समजूत चित्रपटांनी दिलेली आहे.

अशा प्रतिकृतींपैकी पुष्कळ आज उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमधील कारखान्यांत तयार होऊन युरोप-अमेरिकेत जातात. त्यांतील उणिवांचे खापर कारागिरावर फोडणे अन्यायाचे होईल. त्याच्या हाती बहुधा छायाचित्र किंवा दुसरी प्रतिकृती दिली जाते, मूळ वस्तूचे माप आणि जाडी दिली जात नाही; ओतीव माल मागितला की तो ओतीव माल देतो.

प्रतिकृती चांगली साधली की वेगळाच धोका उभा राहतो. अमोनियाच्या वाफेने किंवा आम्लाने नव्या पितळावर जुनाट रंग चढविता येतो आणि वस्तू खरी म्हणून विकता येते. क्ष-किरणांच्या चाचणीत जस्त ३५ टक्के निघाले तर संशयाला सबळ कारण मिळते. पण २० टक्के निघाले म्हणून वस्तू रोमन ठरत नाही, कारण तसे पितळ आजही करता येते. फसविण्याचा हेतू नसतानाही घोटाळा संभवतो. हौशी मंडळांचे कार्यक्रम पुष्कळदा जुन्या छावण्यांच्या अवशेषांतच होतात. तेथे एखादे तुटके बकल गवतात पडते, पावसात हिरवे होते आणि पुढे धातुशोधक यंत्राने कोणाच्या तरी हाती लागते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पानाच्या मागील बाजूस, रिव्हेटाजवळ, पोलादी ठशाने निर्मितीचे वर्ष खोल उमटवावे. पट्टा कमरेला असताना तो अंक दिसत नाही, आणि कोणी तो घासून काढलाच, तर तेथील पत्रा पातळ होऊन घासल्याची खूण मागे राहते.