नावातले न ऐकू येणारे अक्षर

मराठी नाव रोमन लिपीत कसे लिहावे याचा एकच नियम व्यवहारात रूढ नसल्यामुळे ‘ऋतुजा’ हे नाव कोणी ‘आर-यू’ने, कोणी ‘आर-आय’ने, तर कोणी ‘एच-आर-यू’ने सुरू करतो, आणि या मोकळिकीतूनच अंकशास्त्राचा, म्हणजे प्रत्येक रोमन अक्षराला अंक देऊन नावाची बेरीज शुभ की अशुभ ते ठरवणाऱ्या पद्धतीचा, बारशाच्या घरात शिरकाव होतो. बेरीज जुळावी म्हणून वाढवलेले अक्षर उच्चारात कोठेही ऐकू येत नाही.

वेगळेपणा हाच मुळात दोष आहे, असे मात्र नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव महाराष्ट्रात ‘डी-एन-वाय’ने लिहिले जाते, अमराठी वाचक तेथे अडखळतो, तरी पिढ्यांच्या वापरामुळे ते येथील शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या हातात बसले आहे. अडचण होते ती एकट्या घरापुरत्या लेखनाची.

प्रस्तुत लेखिकेच्या नावात असाच एक ‘एच’ घातला गेला होता. त्यामागे आईवडिलांची मायाच होती. परंतु जन्मदाखल्यावरचे ते अक्षर शाळेच्या नोंदवहीत सवयीने गळले, दहावीचे प्रमाणपत्र शाळेच्या नोंदीप्रमाणे निघाले, आणि पासपोर्टच्या वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, पुढे राजपत्रातील नावबदल, अशी धावपळ त्या मुलीच्याच वाट्याला आली.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची नोंद नावाशिवायही होऊ शकते, आणि नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, तर त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. म्हणून रुग्णालयातील अर्जावर घाईने अक्षरे ठरवण्याचे कारण नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना यांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जात असल्याने त्यावरील प्रत्येक अक्षराचे वजन वाढले आहे. आधी देवनागरी लेखन पक्के करावे (हृषीकेश, ऋषिकेश की रुषिकेश, हा वाद घरातच मिटवावा), मग ते नाव चारदोन आप्तांकडून एकमेकांना न विचारता रोमन लिपीत लिहून घ्यावे आणि बहुतेकांच्या हातून सहज उतरलेले रूप स्वीकारावे. दाखला हाती येताच मराठी व इंग्रजी अशा दोन्ही नोंदी अक्षर-अक्षर लावून तपासाव्यात, आणि शाळेचा प्रवेशअर्ज भरताना आठवणीवर न विसंबता त्याच दाखल्यावरून नाव उतरवावे.