उपदंश : तपासणी आणि उपचार एकाच भेटीत

ज्या रोगाचे नाव घेण्यासही संकोच वाटतो, त्या उपदंशाविषयी, म्हणजेच लोकभाषेतील 'गरमी'विषयी, आम्ही आपणांसमोर काही माहिती ठेवू इच्छितो. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' ग्रंथात हा रोग 'फिरंग' नावाने वर्णिला आहे. त्यावर पेनिसिलीन गुणकारी ठरते, हे १९४३ पासून ज्ञात आहे. तरीही बालके दगावतात. याचे मोठे कारण विलंब हे आहे.

बाधित मातेकडून हे जंतू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. त्यामुळे गर्भपात होतो, मृत बालक जन्मते किंवा बालक आजार घेऊनच जगात येते. माता मात्र वरकरणी निरोगी दिसते. म्हणून प्रत्येक गर्भवतीची पहिल्याच भेटीत रक्ततपासणी आवश्यक आहे. रोग अलीकडचा असल्यास बेंझाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन आणि जुना असल्यास आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शने दिली जातात. उपचार प्रसूतीपूर्वी किमान तीस दिवस सुरू झाला पाहिजे.

दोष मातेचा, असे समजू नये. पुण्याच्या तत्कालीन राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, पतीखेरीज अन्य कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांनाही एचआयव्हीची बाधा होत होती. पुण्यातीलच २००६ मधील अभ्यासात, नव्याने उपदंश झालेल्यांना एचआयव्हीचा धोका चौपटीहून अधिक आढळला. म्हणून पतीची तपासणी व उपचारही तितकेच आवश्यक आहेत. अन्यथा बरी झालेली माता पुन्हा बाधित होते.

मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. 'अहवाल नेण्यास पुढील आठवड्यात या' असे सांगितल्यास ती भगिनी पुन्हा येईलच, याची खात्री नसते. बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होणाऱ्या जलद चाचणीचे मोल हिंगोलीसारख्या जिल्ह्यात म्हणूनच अधिक आहे.

अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंशाच्या शेकडो कृष्णवर्णीय रुग्णांचे केवळ निरीक्षण झाले. औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. उपचाराविना तपासणी हा रुग्णावरील अन्यायच होय, हा त्यातून घेण्याचा धडा.

घरातील सुनेला किंवा लेकीला दिवस गेल्याचे कळताच तिला पतीसह तपासणीस आणावे, अशी आपणां सर्वांस नम्र विनंती.