पाइपाचा मऊपणा जातो कुठे?

प्रवाळ आणि त्यांच्या सोबतीने राहणारे शंख, कोळंबी, समुद्रफुले यांसारखे जीव घरातील काचेच्या टाकीत सांभाळण्याच्या पद्धतीला ‘रीफ टँक’ म्हणतात. या पद्धतीत क्षार, प्रकाश आणि तापमान यांची जितकी काळजी घेतली जाते तितकी पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाची क्वचितच घेतली जाते. मुख्य टाकीतून ओसंडणारे पाणी खालच्या कपाटातील सम्पमध्ये, म्हणजे गाळणी व फेसातून घाण वेगळी काढणारा स्किमर ठेवलेल्या दुय्यम टाकीत, उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. एकूण पाणी २०० लिटर आणि पंपाचा प्रवाह तासाला १५०० लिटर धरला, तर तेच पाणी दिवसातून सुमारे १८० वेळा त्याच पाइपातून जाते. बागेला पाणी घालणाऱ्या पाइपातून पाणी एकदाच जाते आणि जमिनीत मुरते. रीफ टँकमध्ये मात्र पाइपाने सोडलेले सारे काही साठत राहते, आणि म्हणूनच इतरत्र निरुपद्रवी वाटणारी वस्तू येथे घातक ठरू शकते.

पीव्हीसी मुळात कडक असते. तिला लवचीक करण्यासाठी तिच्यात प्लॅस्टिसायझर, म्हणजे बहुधा थॅलेट वर्गातील तेलकट रसायन, मिसळतात आणि मऊ पाइपात त्याचे प्रमाण वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंतही असू शकते. हे रसायन प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेले नसून केवळ त्यांच्या फटींत मुरलेले असते, त्यामुळे ते हळूहळू बाहेर झिरपते आणि उष्णतेने हा वेग वाढतो. त्याशिवाय उन्हाने व उष्णतेने प्लास्टिक बिघडू नये म्हणून स्टॅबिलायझर आणि काही मऊ मालात बुरशी धरू नये म्हणून बुरशीनाशक घातलेले असते. अशा बुरशीनाशकांपैकी काही आर्सेनिकयुक्त असतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइप व फिटिंग्जमधील शिशाच्या स्टॅबिलायझरवर निर्बंध घालणारे नियम काढले खरे, पण भंगारातून पुन्हा गाळलेल्या स्वस्त पाइपात नेमके काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखकाच्या घाटकोपर येथील टाकीत हा धोका प्रत्यक्ष दिसला. जुना कडक पाइप काढून कपाटाच्या मागे वळवायला सोपा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातील हिरवट पारदर्शक पाइप सुमारे दोन मीटर बसवला गेला. त्याला नव्या रेक्झिनसारखा उग्र वास होता आणि आतून बोट फिरवले असता बोटाला तेलकटपणा लागत होता, तरीही एकदा धुऊन तो पुरेसा स्वच्छ मानला गेला. तिसऱ्या दिवशी स्किमरचा फेस आवरेना आणि कप वारंवार भरून वाहू लागला. आठवड्याच्या आत झोअँथिड या प्रवाळासारख्या जीवांच्या वसाहती दिवसाही मिटलेल्या राहू लागल्या, आणि काचेवर चरणारे शंख खाली पडून उलटे झाले ते पुन्हा सरळ झाले नाहीत. क्षारता, तापमान, अमोनिया, नायट्राइट यांपैकी काहीही बिघडलेले नव्हते. मासेही नेहमीप्रमाणे खात होते, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी ठरली, कारण मासे निरोगी दिसतात म्हणून पाणी निर्दोष आहे असे गृहीत धरले गेले. पाइप काढून, ओळीने तीन वेळा चतुर्थांश पाणी बदलून आणि सक्रिय कोळसा, म्हणजे सेंद्रिय रसायने पृष्ठभागावर धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा, वापरल्यावर उरलेल्या वसाहती पंधरवड्यात उघडल्या. पाइपाची प्रयोगशाळेत तपासणी झाली नसल्याने दोष थॅलेटचा, धातूचा की बुरशीनाशकाचा हे सांगता येणार नाही. पाइपाचा होता एवढे मात्र घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

म्हणून शक्य तेवढी सारी जोडणी पिण्याच्या पाण्यासाठीच्या कडक पीव्हीसीत, म्हणजे आयएस ४९८५ हा मानक क्रमांक छापलेल्या पाइपात, करावी. सोल्युशनने चिकटवलेले सांधे किमान २४ तास सुकू द्यावेत आणि धुऊन मगच पाणी सोडावे. पंपाचा थरथराट कपाटाला लागू नये म्हणून मऊ तुकडा हवाच असेल तर तो वीतभर आणि फूड-ग्रेड सिलिकॉनचा असावा, कारण सिलिकॉन प्लॅस्टिसायझरशिवायच लवचीक असते. पाइप जोडण्यासाठी दुकानात सहज पुढे केले जाणारे पितळी निपल तर मुळीच घेऊ नये; पितळेत तांबे असते आणि तांब्याचा अंशही अपृष्ठवंशीय जीवांना मारक ठरतो. नवा पाइप आधी बादलीत, टाकीच्याच खाऱ्या पाण्यात, चार-पाच दिवस भिजवून त्या पाण्यात आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कोळंबीसदृश जीवाची पिल्ले सोडून पाहता येतात. मात्र आर्टेमिया चिवट असते. ती मेली तर पाइप बाद करावा, पण ती जगली म्हणून पाइप निर्धोक ठरत नाही.

मऊ पाइपाचा दुसरा धोका पहिल्यातूनच जन्मतो. प्लॅस्टिसायझर निघून गेलेला पाइप आकसतो, ताठर होतो आणि निपलवरची त्याची पकड सुटते. स्टीलची क्लिप खाऱ्या दमटपणात गंजते ती वेगळीच. अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांत अशा सांध्यातून रात्रभर गळलेले खारे पाणी लाद्यांखालून स्लॅबमध्ये जाते आणि खालच्या घराच्या छतावर उमटते, आणि क्षारामुळे स्लॅबमधील लोखंडी सळई नेहमीच्या गळतीपेक्षा लवकर गंजते. लेखकाच्या घरून काढलेला तो पाइप आणि त्याच गुंडाळीतील न वापरलेला उरलेला तुकडा वर्षभर एकाच खणात पडून होते; न वापरलेला बोटाभोवती सहज गुंडाळतो, तर टाकीत राहिलेला वाकवताना त्यावर पांढरी रेघ उमटते.