घरच्या खेळाडूंची बेसबॉल कार्डं

प्रश्न: मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो. हंगामाअखेर त्याच्या संघातल्या मुलांना मी स्वतः बनवलेली बेसबॉल कार्डं द्यायची आहेत. सुरुवात कुठून करू?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर: आधी टॉप्स कंपनीची १९५२ ची कार्डं बघा. टॉप्सच्या साय बर्गर यांनी ब्रुकलिनच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहकारी वुडी गेलमन यांच्यासोबत या कार्डांची मांडणी केली. रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, खेळाडूची सही आणि मागे आकडेवारी. यातलं सगळं तुम्हालाही जमेल.

आकार अडीच बाय साडेतीन इंच ठेवा. टॉप्सनं १९५७ पासून हाच वापरला. ३०० डीपीआयला तो ७५० बाय १०५० पिक्सेल होतो. चारही बाजूंना पाव इंचाच्या निम्मी जागा जास्त सोडा, म्हणजे कापताना पांढरी कड दिसणार नाही. फोटो जवळून घ्या. हेल्मेटखालचे डोळे दिसायलाच हवेत. फोटो चांगला नसेल तर चित्र काढा. १९५३ ची टॉप्स कार्डं रंगवलेल्या चित्रांवरूनच छापली होती.

खरा जीव मागच्या बाजूत आहे. ४० ॲट-बॅटमध्ये १२ हिट असतील तर सरासरी .३०० लिहा, वॉक ॲट-बॅटमध्ये धरू नका. ज्याचे आकडे कमी, त्याच्यासाठी पावसात धावत पकडलेला एखादा झेल लिहा. हे वाक्य प्रशिक्षकांना विचारून, प्रत्येकासाठी वेगळं लिहा. सही मात्र मुलांकडूनच घ्या, वेडीवाकडी असली तरी.