मृत जनावरांची विल्हेवाट : एक दुर्लक्षित ग्रामकर्तव्य

पशुधन हा आपल्या ग्रामीण जीवनाचा मोठा आधार आहे. जनावर जिवंत असेपर्यंत त्याच्या चाऱ्यापाण्याची आणि औषधोपचाराची चिंता शेतकरी वाहतो. मात्र ते मरण पावल्यानंतर त्याच्या देहाचे काय होते, याचा विचार फारसा केला जात नाही. ओढ्याकाठी, पडीक रानात किंवा रस्त्याकडेला ते टाकून दिले की काम संपले, असे सर्रास मानले जाते. परंतु तेथून पुढे त्या देहाचा संबंध गावच्या पाण्याशी, मोकाट कुत्र्यांशी, आकाशातील गिधाडांशी आणि अखेरीस माणसाच्या आरोग्याशी येत असतो. म्हणूनच हा विषय ग्रामपंचायतीच्या विचारार्थ मांडणे अगत्याचे वाटते.

जुनी व्यवस्था आणि तिचा अंत

पूर्वी मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. त्या व्यवस्थेत गावाची स्वच्छता होती, पण ती माणसांच्या अप्रतिष्ठेवर उभी होती. १९२७ साली महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत मांस वर्ज्य करण्याचे व असली हीन कामे सोडण्याचे आवाहन केले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनेही रद्द झाली. हे सर्व न्यायाचेच झाले. उणीव राहिली ती एवढीच, की काही जणांच्या खांद्यावरून उतरलेले हे ओझे साऱ्या गावाने मिळून उचलावयास हवे होते, ते उचलले गेले नाही. त्यामुळे आज अनेक ठिकाणी हे काम कोणाचेच नाही, अशी स्थिती आहे.

गिधाडे का नाहीशी झाली?

या कामात गावाला निसर्गाचेही मोठे साहाय्य होते. गिधाडांचा मोठा थवा बैलाचा देह तासाभरात फस्त करीत असे. १९९० नंतरच्या दशकात मात्र ही गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना ही घट प्रथम ठळकपणे जाणवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पुढे हजारात एखादे उरावे इतकी खाली गेली.

कारण २००४ साली उजेडात आले. जनावरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत देहात राहते, आणि तो देह खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. शेकडा एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी असा ऱ्हास घडू शकतो, असे शास्त्रज्ञांचे गणित सांगते. एकाच देहावर कितीतरी पक्षी जेवतात, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

गिधाडे गेली आणि त्यांच्या पंगतीवर मोकाट कुत्री बसली. कुत्र्यांबरोबर पिसाळ रोगाचे भय वाढले. सडणारे देह पाणी दूषित करू लागले. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावामुळे भारतात सुमारे ५ लाख मृत्यू अधिक झाले असावेत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला आहे.

परदेशातील उदाहरण

असाच अनुभव अमेरिकेसही आला. तेथील कॅलिफोर्निया कॉन्डर हा प्रचंड पक्षी १९८२ मध्ये अवघा २२ च्या संख्येवर आला होता. शिकारी हरणाचे मांस घेऊन जात व आतडी रानातच टाकीत. त्यांतील शिशाच्या गोळीचे कण पोटात जाऊन कॉन्डर विषबाधेने मरत. अखेर कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यास संपूर्ण बंदी घातली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडे शिकारीस बंदी आहे. त्यामुळे आपल्यापुढील प्रश्न पाळीव जनावरांचा आहे. बोध मात्र एकच : मृत देह हे रानातील पक्ष्यांचे अन्न आहे. त्यात माणसाने काय सोडले आहे, यावर त्याचे अमृत व्हावयाचे की विष, हे ठरते.

विल्हेवाटीपूर्वीचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न : जनावर कशाने मेले? अचानक मृत्यू येऊन नाकातोंडातून वा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असल्यास फाशी या रोगाचा संशय धरावा. असे जनावर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये आणि त्यास उघड्यावर टाकू नये. या रोगाचे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात व रोग माणसासही होतो. अशा वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे व त्यांच्या सल्ल्याने देह जाळावा किंवा खोल पुरावा. सांसर्गिक रोगाने मेलेले जनावर नदी, तलाव वा कालव्यात टाकणे हा २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न : अखेरच्या दिवसांत कोणते औषध दिले? जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये, तर केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले औषध उपलब्ध आहे. औषधाविषयी शंका असल्यास देह पुरणेच इष्ट. खड्डा विहीर, ओढा व वस्ती यांपासून दूर आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका, सुमारे ६ फूट खोल असावा.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि परिसरात गिधाडे असतील, तर वन विभागाच्या संमतीने निश्चित केलेल्या जागी देह ठेवता येतो. रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यात, नाशिक जिल्ह्यातील हरसूल भागात व गडचिरोली जिल्ह्यात गिधाडांसाठी अशी ‘उपाहारगृहे’ चालविण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून २० गिधाडे ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली. त्यांना पिंजऱ्याबाहेर जगवावयाचे, तर भोवतालच्या गावांतून निर्विष अन्न मिळाले पाहिजे.

वाघ वा बिबट्याने मारलेल्या जनावराची गोष्ट वेगळी आहे. पंचनामा होण्यापूर्वी तो देह हलवू नये. अन्यथा नुकसानभरपाईस अडचण येते. संतापाच्या भरात त्यावर कीटकनाशक टाकणे हा तर गुन्हाच होय. त्या विषाने वाघाबरोबर गिधाडे, कोल्हे आणि गावचे कुत्रेही बळी पडते.

ग्रामसभेने काय करावे?

या कामास फार मोठा निधी लागत नाही. पुरण्यासाठी योग्य जागा ठरवून तिला कुंपण घालणे, वाहतूक व खोदाईची रक्कम अंदाजपत्रकात धरणे, पशुवैद्यकीय दवाखान्याचा व वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक फलकावर लावणे आणि मृत जनावरांची साधी नोंदवही ठेवणे, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. काम करणाऱ्यास हातमोजे, साधने व रास्त मजुरी मिळावी, आणि ते काम जातीवरून कोणावरही पडू नये, याची दक्षता सरपंचांनी स्वतः घ्यावी. औषध दुकानदार व पशुपालक यांना बंदी असलेल्या औषधांची माहिती द्यावी. शिक्षकांनी मुलांना गिधाडाची ओळख करून द्यावी. कारण आजच्या अनेक मुलांनी हा पक्षी पाहिलेला नाही.

जनावर आयुष्यभर धन्यासाठी राबते. त्याच्या मृत देहामुळे माणसाला रोग होऊ नये, पक्ष्याला विष मिळू नये आणि कोणाच्या प्रतिष्ठेस धक्का लागू नये, एवढी व्यवस्था येत्या ग्रामसभेत ठराव करून प्रत्येक गावास निश्चितच करता येईल.